बोटांना आधी पाहू द्या

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : घरातील उपकरणे)

गेल्या अंकात या सदरात ‘स्वयंपाकघरातील नवी उपकरणे कोणासाठी बनतात?’ या प्रश्नावर थोडेसे लिहिले होते. ज्यांना दिसत नाही किंवा वयामुळे कमी दिसते, कमी ऐकू येते, बोटांत जोर राहिलेला नाही, अशांचा विचार उपकरण बनवताना होत नाही, एवढेच त्यात म्हटले होते. त्यावर सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत. काचबिंदूमुळे गेल्या सहा वर्षांत त्यांची दृष्टी हळूहळू गेली. तरीही गॅसच्या शेगडीवर चहा, आमटी, भात त्या कोणाच्या मदतीशिवाय करीत असत. पदर पेटेल या भीतीने आम्ही दिवाळीत काचेची, स्पर्शाने चालणारी इंडक्शन शेगडी आणली. तेव्हापासून त्या साध्या चहासाठीही आमची वाट पाहत बसतात. आमचे चुकले का? आता काय करता येईल?
(एक गृहिणी, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : आपला हेतू चुकलेला नाही. इंडक्शनवर ज्योत नसते, भांडे उचलले की तापवणे आपोआप थांबते आणि गॅस सुटण्याचा प्रश्न येत नाही. म्हणजे सुरक्षिततेचा आपला विचार योग्यच होता. चूक आहे ती ज्याने त्या शेगडीचा दर्शनी भाग आखला त्याची, आणि ती नेमकी कुठे आहे हे समजले तर उपायही सापडतो.

गॅसच्या शेगडीचे बटण आठवून पाहा. ते कुठे आहे हे हाताने चाचपता येते. चाचपताना ते चालू होत नाही, कारण ते आधी आत दाबावे लागते आणि मगच फिरते. त्याच्यावरच्या उंचवट्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे यावरून शेगडी बंद आहे, मोठी आहे की बारीक, हे बोटांना कळते. म्हणजे तीन गोष्टी साधतात: बटण सापडते, सापडताना ते चालू होत नाही आणि त्याची सध्याची स्थिती हाताला समजते. काचेच्या सपाट फळीवर यांतील एकही गोष्ट उरत नाही. त्या काचेखाली बोटाच्या विद्युत गुणधर्माने चालणारे संवेदक (सेन्सर) असतात. बोट जवळ आले की त्यांना ते ‘दाबले’ असेच वाटते. डोळस माणूस आधी पाहतो आणि मग बोट लावतो. सासूबाईंचे पाहणे बोटांनीच व्हायचे असल्यामुळे त्या पाहू लागल्या की शेगडी चालू तरी होते किंवा बंद तरी पडते. शिवाय प्रत्येक स्पर्शाला तोच एक ‘टूं’ वाजत असल्याने आच वाढली की कमी झाली, हेही कळत नाही.

यावर कोणी म्हणेल की मोबाइलची काचही सपाटच असते, तरी अंध माणसे तो सर्रास वापरतात. खरे आहे, आणि त्याचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. २००९ साली आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ ही सोय आली, अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ आहे. ती सुरू असताना पडद्यावर बोट फिरवले की खाली काय आहे ते फोन बोलून सांगतो, पण करीत काहीच नाही. लागोपाठ दोनदा टिचकी मारल्यावरच ते काम होते. म्हणजे शोधणे आणि चालवणे या दोन क्रिया तेथे मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. आपल्या शेगडीत त्या एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि सगळे दुखणे तेवढेच आहे.

आता उपाय. पुष्कळ घरांत काचेवर टिकल्या चिकटवतात. विजेच्या बटणांवर मखमली टिकली फार चांगली चालते, पण या काचेवर ती नेमक्या स्पर्शाच्या जागी लावू नये. टिकली शोधताना बोट तेथे टेकणार आणि शेगडी चालू होणार. त्यापेक्षा नियंत्रणाच्या भागावर बसेल अशी दोन-तीन मिलिमीटर जाडीची ॲक्रिलिकची पट्टी कापून घ्यावी आणि ‘चालू-बंद’, ‘वाढवा’, ‘कमी करा’ एवढ्या तीनच जागी तिला बोट जाईल अशी भोके पाडून घ्यावीत. दुकानांच्या पाट्या तयार करणारे कारागीर हे काम सहज करून देतात. पट्टीवरून बोट फिरवताना बहुधा काही चालू होत नाही, भोकात बोट उतरवले की होते. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की प्रत्येक कंपनीच्या संवेदकाची तीव्रता वेगळी असते; म्हणून आधी भांडे न ठेवता तपासून पाहावे. पट्टी तापणाऱ्या वर्तुळापासून दूर राहील याचीही काळजी घ्यावी. तीन भोकांना तीन आकार द्यावेत: गोल, चौकोनी, त्रिकोणी. मग मोजत बसावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या पत्रात नाही, पण मला शंका आहे म्हणून लिहितो. इंडक्शनवर ॲल्युमिनियमची आणि पितळेची भांडी साधारणपणे चालत नाहीत, त्यामुळे शेगडीबरोबर सासूबाईंची भांडीही बदलली असणार. चहाचे जुने पातेले किती भरले की दोन कप होतात, हे त्यांच्या हाताला वजनावरून ठाऊक होते. नवे पातेले त्यांना काही दिवस नुसते पाण्याने भरून-ओतून सरावाचे करू द्यावे.

आणि जर शेगडी बदलून मिळत असेल, तर फिरवताना खटके जाणवणारी आणि दोन्ही टोकांना थांबणारी मूठ (फिरवायचे बटण) असलेली घ्यावी. अशा शेगड्या मिळतात. दुकानातच सासूबाईंना उभे करून चालू करणे, मध्यम आचेवर आणणे आणि बंद करणे एवढी तीनच कामे करायला सांगावीत. विक्रेत्याने मध्ये हात घालू नये. ज्या शेगडीवर ती जमतील, तीच आपली शेगडी.

प्रश्न : मी जन्मापासून अंध आहे आणि हे पत्र फोनवर टॉकबॅकच्या साहाय्याने लिहीत आहे. हल्ली आमच्यासाठी म्हणून जे येते ते बोलणारे असते: बोलणारे घड्याळ, बोलणारा वजनकाटा, बोलणारा रक्तदाबमापक. घर अखंड बडबडत असते. दुसरीकडे काही उत्साही मंडळी प्रत्येक वस्तूवर ब्रेल लावू पाहतात. मला ब्रेल येते, पण पासष्टाव्या वर्षी दृष्टी गेलेल्या माझ्या वडिलांना ते येत नाही. यात तारतम्य कसे ठेवावे?
(एक शिक्षक, कराड)

उत्तर : सर, आपल्या तक्रारीशी मी पूर्ण सहमत आहे. माझा स्वतःचा ठोकताळा असा की स्थिती बोटाला कळावी आणि आकडा कानाला. उपकरण चालू आहे की बंद, झाकण लागले आहे की नाही, पंखा कितीवर आहे, या गोष्टी ठरावीक चार-पाच अवस्थांपैकी एक असतात. त्या खटक्याने, उंचवट्याने, मुठीच्या दिशेने सांगता येतात आणि सांगाव्यात. खटक्यांचा जुना पंख्याचा रेग्युलेटर हे याचे उत्तम उदाहरण. आपल्याकडचे साधे विजेचे बटणही तसेच: खाली दाबलेले असेल तर चालू, हे अंधारात हात फिरवून कोणालाही कळते. त्याच्या जागी येणाऱ्या काचेच्या स्पर्शबटणांनी ही शंभर नंबरी सोय काढून घेतली आणि बदल्यात एक निळा दिवा दिला.

याउलट ताप, वजन, रक्तदाब, रक्तातील साखर यांचा आकडा दर वेळी वेगळा असतो. तो बोटाला सांगायचा तर उपकरण फार गुंतागुंतीचे होते; म्हणून तेथे आवाज योग्य. मात्र आवाज कमी-जास्त करण्याची आणि कानात घालायच्या इअरफोनची सोय हवी. पाहुणे बसलेले असताना रक्तदाबमापकाने खणखणीत हिंदीत आकडे जाहीर करावेत, हे डोळस माणसाने स्वतःच्या बाबतीत खपवून घेतले नसते. मराठी बोलणारी उपकरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, हे दुखणे वेगळेच. आणि जेथे मिक्सर चालू असतो किंवा कुकर शिट्ट्या देत असतो, तेथे बोलण्याचा काही उपयोग नसतो. जाता जाता, कुकरची शिट्टी हे मला आपल्या घरातील सर्वांत समतावादी उपकरण वाटते. ती मोजण्यासाठी कोणालाच डोळे लागत नाहीत, आणि ती अंधांसाठी म्हणून कोणी बनवलेली नाही.

ब्रेलविषयी आपल्या घरातच उत्तर आहे. लुई ब्रेल यांनी १८२४ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी ही लिपी सिद्ध केली आणि भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ साली ठरले. जो लहानपणी शिकला त्याच्यासाठी ते अक्षरज्ञानच आहे. त्याच्या मसाल्याच्या डब्यांवर, पुस्तकांवर, औषधांच्या खोक्यांवर ते हवेच. युरोपीय संघाने २००४ च्या निर्देशाने औषधाच्या खोक्यावर त्याचे नाव ब्रेलमध्ये छापणे बंधनकारक केले, ते योग्यच झाले. परंतु उतारवयात दृष्टी जाणाऱ्यांपैकी अनेकांना मधुमेह असतो आणि मधुमेहाने बोटांच्या टोकांची संवेदना बोथट होऊ शकते. अर्धा मिलिमीटर उंचीचे, एकमेकांपासून अडीच मिलिमीटरवर असलेले ठिपके त्यांना वेगवेगळे जाणवत नाहीत. आपल्या वडिलांसाठी अक्षर नव्हे तर आकार हवा: ठळक, मोठा, एका बोटाने ओळखता येणारा. चहापत्तीच्या डब्याला रबरबँड आणि साखरेच्या डब्याला काही नाही, ही खूण ब्रेल येणाऱ्यालाही चालते आणि न येणाऱ्यालाही.

प्रश्न : आईची रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी एकाच आकाराच्या पाकिटात येते. गल्लत होते. काय करावे?
(एक वाचक, वाई)

उत्तर : पाकिटे एकत्र ठेवूच नयेत. एक गोळी उंच अरुंद बाटलीत, दुसरी बुटक्या रुंद डबीत आणि दोन्ही वेगवेगळ्या खोल्यांत. गोळी पाकिटातून काढून ठेवली तर चालेल का, हे औषध देणाऱ्याला विचारून घ्यावे, कारण काही गोळ्यांना दमट हवा सोसत नाही. तसे असेल तर पाकीटच त्या डबीत ठेवावे. पाकिटाचा कोपरा कात्रीने छाटण्याची युक्ती चांगली आहे, पण छाटताना गोळीच्या कप्प्याला धक्का लागता कामा नये आणि औषधाचे नाव व मुदत असलेला भाग शेवटपर्यंत राहिला पाहिजे.

प्रश्न : मी शहात्तर वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. दृष्टी बरी आहे, कानही ‘वयाच्या मानाने चांगले’ असे डॉक्टर सांगतात. तरी धुलाईयंत्र संपल्याची घंटा मला ऐकू येत नाही आणि त्यावरची राखाडी अक्षरे वाचता येत नाहीत. सूनबाईंना मात्र दुसऱ्या खोलीत ती घंटा ऐकू येते. मी विसराळू झालो आहे, असे सगळ्यांना वाटू लागले आहे.
(एक वाचक, शाहूपुरी, सातारा)

उत्तर : गुरुजी, आपण विसराळू झालेला नाही. वयाबरोबर कान सगळ्याच आवाजांना सारखे मंदावत नाहीत. आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. घरगुती यंत्रांत बसवलेली छोटी घंटा स्वस्त असते आणि पुष्कळदा साडेतीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास वाजते. समोरच्या माणसाचे बोलणे मुख्यतः त्याच्या पुष्कळ खालच्या पट्टीत असल्याने ते आपल्याला ऐकू येते आणि घंटा तेवढी निसटते. म्हणूनच घरगुती उपकरणांच्या ध्वनिसंकेतांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे (आयएसओ २४५००), त्यात संकेताची मूळ पट्टी अडीच हजार हर्ट्झच्या वर नेऊ नये असे धोरण आहे. घंटेचा आवाज मोठा करून उपयोग नाही, तिची पट्टी खाली आणायला हवी, आणि ते कारखान्यातच व्हायला हवे.

तोवर घरी करण्याजोगे असे: यंत्र किती वेळ घेते ते एकदा पाहून ठेवावे आणि चावीचे, खणखणीत घंटेचे मिनिटघड्याळ तेवढ्यावर फिरवून ठेवावे. फोनचा गजर वापरायचा झाल्यास धून खर्जातली निवडावी आणि फोन स्टीलच्या रिकाम्या वाडग्यात ठेवावा; वाडगा आवाज घुमवतो.

अक्षरांचेही तसेच आहे. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग दाट व पिवळसर होत जाते. ते पिवळे भिंग निळा रंग अडवते. म्हणून रुपेरी पृष्ठभागावर राखाडी अक्षरे आणि निळा दिवा हा आजकालचा आवडता थाट म्हणजे म्हाताऱ्या डोळ्यांसाठी योजून केलेली अडचण आहे, असेच मला वाटते. संकेतस्थळांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक एवढे गुणोत्तर असावे, असा दंडक २००८ पासून सर्वमान्य आहे; धुलाईयंत्राच्या दर्शनी भागाला तो कोणी लावत नाही. आपण पांढऱ्या कागदावर काळ्या ठळक अक्षरांत नेहमीचे दोन कार्यक्रम लिहून यंत्रावर चिकटवावेत आणि वरून एक दिवा लावून घ्यावा. दिव्याचा खर्च थोडा आहे आणि फरक मोठा.

आता थोडे माझ्या घरचे. आईसाठी घेतलेल्या धुलाईयंत्राची अशीच तक्रार मी एका कंपनीच्या सेवाकेंद्राकडे केली होती. ‘आमचे ॲप घ्या, त्यावर सूचना येते,’ असे उत्तर मिळाले. आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती आणि तिच्याजवळ बटणांचा फोन होता. त्या फोनच्या पाचाच्या आकड्यावर मात्र उंच ठिपका होता आणि त्याच्या आधाराने ती माझा नंबर न बघता लावत असे.

प्रश्न : मी सांगलीतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र शाखेच्या अंतिम वर्षाला आहे. आमच्या गटाने अंध व्यक्तींसाठी अडथळा आला की थरथरणारा बूट प्रकल्पासाठी निवडला आहे. डोळ्यांना पट्टी बांधून आम्ही त्याची चाचणी घेणार आहोत. आपले मार्गदर्शन हवे.
(एक विद्यार्थी)

उत्तर : मित्रा, स्पष्ट लिहितो, रागावू नये. थरथरणारे बूट, टोप्या आणि पट्टे आपल्याकडच्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे तयार होत आहेत आणि प्रदर्शन संपले की कपाटात जात आहेत. कानाला ऐकू न येणाऱ्या (श्राव्यातीत) ध्वनिलहरींनी अडथळा ओळखण्याच्या तत्त्वावर आयआयटी दिल्लीच्या गटाने बनवलेली ‘स्मार्टकेन’ ही काठी मात्र २०१४ पासून वापरात आली. फरक संवेदकाचा नव्हता. त्या गटाने नेहमीची पांढरी काठी तशीच ठेवली, कारण जमिनीवरचा खड्डा आणि पायरी काठी सांगतेच. काठीला न कळणारे अडथळे, म्हणजे गुडघ्याच्या वर येणारी फांदी किंवा उभ्या ट्रकची मागची फळी, तेवढे सांगण्याचे काम त्यांनी उपकरणाला दिले. आणि हे त्यांना अंध वापरकर्त्यांबरोबर वर्षानुवर्षे काम करून कळले.

डोळ्यांना पट्टी बांधून केलेल्या चाचणीवर माझा विश्वास नाही. पट्टी बांधलेल्या माणसाला दृष्टी गेल्याच्या पहिल्या तासातील घाबरेपणा कळतो. दहा वर्षांच्या सवयीने आलेले कौशल्य कळत नाही. परिणामी जे काम अंध माणूस सहज करतो त्यासाठी तुम्ही यंत्र बनवता, आणि जेथे तो खरोखर अडतो ते तुमच्या लक्षातही येत नाही. आपल्या भागात दृष्टी नसलेल्या एखाद्या बाई भाकरी करीत असतील, तर त्यांची परवानगी घेऊन एक सकाळ नुसते बसून पाहा. पिठाचा ताण तळव्याला कळतो, तवा तापला हे वर धरलेल्या हाताला कळते, भाकरी भाजल्याचे वासाला कळते आणि फुगल्याचे वरून दाबलेल्या फडक्याला. तेथे तुमच्या यंत्राची गरज नाही. त्यानंतर त्यांना विचारा की सिलिंडर संपत आल्याचे कसे कळते. तेथे त्या अडतील, कारण घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू भरलेला असतो आणि रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या अंगावर रंगाने लिहिलेले असते, जे त्यांना वाचता येत नाही. सिलिंडर ठेवायची एक बैठक करा. सिलिंडर बदलताना शेजारच्या कोणीतरी तो आकडा एकदा भरावा आणि नंतर बटण दाबले की उरलेले किलो मराठीत बोलावेत. मूठभर वजनसंवेदक आणि एक ध्वनिपट्टिका एवढ्यात काम होते, आणि ते डोळस घरालाही उपयोगी आहे.

यंत्र शाखेचा म्हणून एक जुना दाखला तुला आवडेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमाने उतरल्यानंतर धावपट्टीवरच अपघात होऊ लागले, कारण वैमानिक पंखांच्या झडपांऐवजी चाके मिटवीत. वैमानिक बेफिकीर आहेत, असे समजले जात होते. अल्फोन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की दोन्ही दांडे शेजारी आहेत आणि हाताला अगदी सारखे लागतात. त्याने चाकांच्या दांड्याला रबरी चाकाचा आणि झडपांच्या दांड्याला पाचरीचा आकार जोडला आणि ती चूक थांबली. त्या वैमानिकांचे डोळे उत्तम होते. पण त्या क्षणी ते दुसरीकडे गुंतलेले होते. घरातील उपकरणांचेही असेच असते. जपानमध्ये १९९१ साली काओ कंपनीने शाम्पूच्या बाटलीच्या कडेला हाताला लागतील असे दाते दिले, म्हणजे शेजारच्या तशाच आकाराच्या बाटलीशी तिची गल्लत होऊ नये. खूण अंधांना उपयोगी पडली आणि डोक्याला फेस लावून डोळे मिटलेल्या प्रत्येकालाही; इतर कंपन्यांनीही मग ती घेतली.

प्रश्न : कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा लहान कारखाना आहे. मिक्सर आणि शेगड्यांच्या मुठी आम्ही बनवून देतो. गेल्या अंकातील आपला लेख वाचून विचारतो: मुठीवर स्पर्शाच्या खुणा देणे कायद्याने बंधनकारक आहे का? खर्च किती वाढेल? आणि खुणा कोणत्या द्याव्यात?
(एक लघुउद्योजक)

उत्तर : बंधनकारक नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या ४३ व्या कलमानुसार सर्वांना वापरता येतील अशा ग्राहकवस्तूंचा विकास, उत्पादन आणि वितरण यांना चालना देणे हे सरकारचे काम ठरवले आहे. जबाबदारी सरकारवर टाकली आहे, उत्पादकावर नाही. हे कलम अधिक कडक असायला हवे होते, असे माझे मत आहे. पण २०११ च्या जनगणनेत देशात पन्नास लाखांहून अधिक दृष्टिबाधित आणि दहा कोटींहून अधिक ज्येष्ठ नोंदले गेले होते. हे सगळे चहा पितात आणि चटणी वाटतात. तेव्हा कायद्याची वाट न पाहता आपण विचारले, याचे कौतुक वाटते.

खुणांसाठी नव्याने डोके चालवू नये. ग्राहकवस्तूंवरील स्पर्शखुणांचे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २४५०३. त्याचा गाभा असा की सुरू करण्याच्या जागी उंच ठिपका आणि थांबवण्याच्या जागी उंच आडवी रेघ. एका घरातील मिक्सरवर ठिपका म्हणजे चालू आणि शेगडीवर ठिपका म्हणजे बंद असे झाले, तर खुणा नसलेल्या परवडल्या. आपल्या मुठीवर याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दिशा दाखवणारी ठळक कणी, म्हणजे हाताला लागणारा उंच कंगोरा. हल्ली पूर्ण गोल, गुळगुळीत मुठीवर पांढरी रेघ नुसती छापतात. ती डोळ्यांना दिसते, हाताला लागत नाही आणि तेलाच्या हाताने वर्षभरात पुसून जाते. कणी असली की संधिवात झालेल्या बोटांनाही मूठ फिरवायला आधार मिळतो. अमेरिकेत सॅम फार्बर यांनी पत्नीच्या संधिवाताकडे पाहून जाड, मऊ मुठीची सोलणी आणि इतर साधने १९९० साली बाजारात आणली आणि ती धडधाकट लोकांनीही घेतली. तेव्हा ‘अंधांसाठी खास’ असे लिहून आपली मूठ वेगळी विकायचे काही कारण नाही.

खर्चाचे उत्तर आपल्याच साच्यात आहे. वस्तूवर उंचवटा हवा असेल तर साच्याच्या पोलादात खळगा करायचा असतो. म्हणजे धातू काढायचा आहे, भरायचा नाही. जुन्या, चालू साच्यातही हे काम होते आणि एकदा झाले की प्रत्येक नगामागे कणभर प्लॅस्टिक जास्त जाते, बाकी काही नाही. याउलट वस्तूवर खोलगट खूण हवी असेल तर साच्यात धातू चढवावा लागतो; ते महाग पडते आणि पिठाने बुजणारी खोल खूण तशीही कोणाला नको असते. फक्त एवढे पाहावे की ठिपका मुठीच्या वरच्या तोंडावर, साचा उघडण्याच्या दिशेत यावा. उभ्या बाजूवर घेतलात तर नग साच्यात अडकेल. कडा किंचित गोल ठेवाव्यात, म्हणजे बोटाला टोचणार नाही आणि साच्यातून सुटायलाही सोपे जाईल. ठिपक्याची उंची ब्रेलहून थोडी जास्त घ्यावी. बोथट झालेल्या बोटांसाठी ती आहे.

पहिले दहा नग काढताना ते दोन वेगवेगळ्या उंचींच्या ठिपक्यांचे करून पाहा आणि कोणती उंची ठेवायची हे आपण किंवा मी ठरवू नये. विश्रामबागेतील ज्या सासूबाईंविषयी पहिले पत्र आले आहे, त्यांची तयारी आहे का, हे मी त्यांच्या सूनबाईंना विचारून ठेवतो.